मानसिंगरावांची नववी सुधारणा

वरकुट्याचे मानसिंगराव गेल्या वर्षापर्यंत आठ वेळा सुधारले होते. ही ऐकीव गोष्ट नव्हे. आठही वेळचे कागद ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात, तंटामुक्ती समितीच्या फायलीत तारीखवार लावलेले आहेत. शंका असेल त्याने किल्ली मागून घ्यावी. सामान्य माणूस एकदा सुधारतो आणि उरलेलं आयुष्य त्याच पुण्याईवर काढतो. मानसिंगरावांनी तसला आळस केला नाही.

माणूस तसा निर्व्यसनी. तंबाखूला हात लावत नाहीत, पत्त्यांच्या वाटेला जात नाहीत. कपडे पांढरेशुभ्र, बोलणं लोण्यासारखं, आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत त्यांनी कुणाला शिवी दिल्याचं गावाला आठवत नाही. दोष एकच होता, आणि तो सामाईक विहिरीत होता.

विहीर दोन भावांची. थोरल्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्या वाट्याचं रान त्याची बायको बनाबाई बघते. विहिरीवर दोन मोटरी. बनाबाईंची तीन हॉर्सपॉवरची, मानसिंगरावांची साडेसातची. पाण्याची पाळी दोघा भावांच्या वडिलांनी लावून दिलेली: एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. पाझर बेताचा, रात्रीतून जेवढं साचेल तेवढंच दुसऱ्या दिवशीचं पाणी. त्यामुळे एकाच्या दिवशी दुसऱ्यानं उपसलं, तर तो दिवस गेला तो गेला.

सकाळी आठला लाईट यायची. बनाबाईंचा दिवस असला की आठ वाजून एक मिनिटानं मानसिंगरावांची साडेसातची मोटर सुरू व्हायची. धारा काढून, शेण भरून बनाबाई नऊला विहिरीवर येत, तर तळ दिसत असे. आणि मानसिंगराव तिथं नसतच. ते काटेवाडीला व्याह्यांच्या ओट्यावर चहा पीत बसलेले असत.

हे कसं, तर हल्ली मोटरीच्या पेटीत सिमकार्ड असतं. पेटीत नोंदवलेल्या नंबरावरून फोन लावला की मोटर चालू, परत लावला की बंद. शेतकऱ्याला अवेळी रानात जावं लागू नये, साप-विंचवापासून जीव वाचावा, म्हणून कुणी शहाण्यानं ही सोय केली. त्यानं साप-विंचवांचा विचार केला होता. दिरांचा केला नव्हता.

“भावजी, मोटर तुमची चालू हाय!” बनाबाई फोनवरून ओरडत.

“वहिनी, मी काटेवाडीत हाय. खोटं वाटत आसंल तर व्याह्यांना देतो फोन.”

आणि खरोखरच देत. व्याही बिचारे खरं तेच सांगत.

बनाबाईंचं दोन एकर डाळिंब आहे. नवऱ्यानं मरायच्या आदल्या वर्षी लावलेली बाग. मानसिंगरावांच्या उसाचं बरं असतं. आठ दिवस पाणी नाही मिळालं तरी तो तोंड वाकडं करून उभा राहतो. डाळिंब मानी झाड. ठरल्या दिवशी, ठरल्या बेतानं पाणी लागतं. चार दिवस ताण बसून मग एकदम पाणी मिळालं की फळ आतून फुगतं आणि साल तडकते. तडकलेलं फळ व्यापारी हातातसुद्धा धरत नाही. असे दोन बहार गेले. पहिल्या वर्षीची तडकलेली फळं बनाबाईंनी शेरडांना घातली. दुसऱ्या वर्षी शेरडांनीही तोंड फिरवलं.

तिसरा बहार धरताना बनाबाई गावात चारचौघांत म्हणाल्या, “औंदा तडकली तर जेसीबी लावून बाग उपटणार. त्येंच्या हातची झाडं हायेत म्हणून ठिवली. आता बास.”

आता मानसिंगरावांच्या सुधारणांविषयी.

बनाबाई तक्रार करत. समिती बैठक बोलावी. मानसिंगराव हात जोडून उभे राहत आणि हमीपत्र लिहून देत: यापुढे माझ्याकडून असे होणार नाही. पहिले तीन कागद मराठीत आहेत. तिसऱ्या वेळी समितीचे अध्यक्ष कुंडलिक आबा यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“मानसिंगा, ह्यो कागद गेल्या साली दिलता की. नुसती तारीख बदलली हायेस.”

“आबा, भावना तीच हाय.”

“भावना ऱ्हाऊ दे. शब्द तरी नवं आण. समितीला वरती अहवाल धाडावा लागतुया.”

मानसिंगरावांनी ही सूचना फार मनावर घेतली. त्याच सुमारास घरात नवी सून आली होती. श्रेया. काटेवाडीची, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, निमगाव केतकीच्या एका इंग्रजी शाळेत शिकवायला जाणारी. पुढच्या तक्रारीच्या वेळी सासऱ्यांनी तिला मोठ्या अदबीनं विचारलं, “सूनबाई, ‘सुधारलो’ ह्याला इंग्रजीत काय म्हणत्यात?”

“रिफॉर्म म्हणतात, मामा.”

“वा. वजन हाय शब्दाला.”

सासऱ्यांना खरंच पश्चात्ताप झालाय, असं त्या पोरीला वाटलं. नवीन होती. तिनं सुरेख कागद टाइप करून दिला. ‘रिफॉर्म’ एकोणीस दिवस टिकला. मग ‘इम्प्रूव्ह’ आला, तो दोन आठवडे चालला. सहाव्या खेपेला मानसिंगरावांनी नवीन पान उलटलं. तसा इंग्रजीत वाक्प्रचारच आहे, असं श्रेयानं समितीला समजावून सांगितलं.

“कशाचं पान?” कुंडलिक आबांनी विचारलं.

“आयुष्याचं,” मानसिंगराव गहिवरून म्हणाले.

दारात बसलेल्या बनाबाई म्हणाल्या, “पान ऱ्हाऊ द्या भावजी, मोटर उलटी करा.”

यावर समिती हसली आणि हमीपत्र एकमताने स्वीकारलं गेलं. सातव्या खेपेला त्यांनी आपल्या वाटा दुरुस्त केल्या; हेही इंग्रजीतूनच. आठव्या खेपेला त्यांचं ट्रान्सफॉर्मेशन झालं. ते ऐकून निम्म्या सभासदांना रानातल्या डीपीचा ट्रान्सफॉर्मर आठवला, पण शब्द मोठा आहे याबद्दल दुमत नव्हतं.

इंग्रज लोकांनी या एका कामासाठी इतके शब्द का करून ठेवले असावेत, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आपल्याकडे माणसाला वठणीवर आणतात, ताळ्यावर आणतात, सरळ करतात, वळण लावतात. आणणारा, करणारा, लावणारा दुसराच कुणीतरी असतो, आणि बहुधा त्याच्या हातात काहीतरी असतं. इंग्रजीत माणूस आपला आपण सुधारतो, बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. मानसिंगरावांना इंग्रजी आवडली, यात त्यांच्या बुद्धीचा कमीपणा नाही.

टाळ्या वाजू लागल्याच होत्या. सहाव्या कागदानंतर त्यांना शाळेत व्यक्तिमत्त्व विकासावर बोलायला बोलावलं. “चूक कबूल करायला मोठं काळीज लागतं,” असं त्यांनी मुलांना सांगितलं. सातव्यानंतर निमगावच्या एका पतसंस्थेनं त्यांना शाल दिली. गावात कुणाचं भांडण झालं की लोक म्हणत, मानसिंगरावांकडं बघा, कसा मनमोकळा माणूस आहे! बनाबाईंना कुणी शाल दिली नाही. त्यांनी कुणाचं पाणी कधी चोरलं नव्हतं. साहजिकच फायलीत त्यांचा एकही कागद नव्हता, आणि त्यांच्या चांगल्या वागणुकीविषयी गावाकडे अधिकृत अशी काहीच माहिती नव्हती.

या वर्षी बहार झकास लागला. फळं पेरूएवढी झाली, रंग चढू लागला. आणि एका आठवड्यात बनाबाईंच्या लागोपाठ तीन पाळ्या कोरड्या गेल्या. मानसिंगरावांनी नवीन उसाची लागण केली होती आणि त्यांना काटेवाडीला वरचेवर जावं लागत होतं.

चौथ्या पाळीला एकदम पाणी मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी बनाबाई त्यांच्या घरी आल्या. पदरातून एक डाळिंब काढून त्यांनी ओट्यावर ठेवलं. देठापासून खालपर्यंत उभी चीर, आत दाणे दिसतायत. घरात श्रेया एकटीच होती. शाळेच्या वह्या तपासत बसली होती.

“मोठ्या आत्या, कितीक तडकली?”

“आज धा झाडांची. आठ दिवसांत सगळी बाग जाईल.”

श्रेयानं हातातली वही मिटली. पुढं बनाबाईच बोलल्या.

“पाच कागद तुझ्या हातचं हायेत न्हवं?”

“हो.”

“तुला दोष देत न्हाय पोरी. तू शिकल्याली हायेस. पर ह्या माणसाला तू एवढं शब्द दिलंस, त्यापरीस एक कुलूप दिलं आस्तंस तर माझा बहार वाचला आस्ता.”

एवढं बोलून त्या गेल्या. फळ तिथंच राहिलं.

बनाबाईंनी तक्रार दिली; समितीनं रविवार ठरवला. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मानसिंगराव सुपारी कातरत ओट्यावर बसले.

“सूनबाई, उद्याच्या कागदाला नवा शब्द काढून ठिव.”

“शब्द संपले, मामा.”

अडकित्ता थांबला. “संपलं कसं? एवढी मोठी भाषा, निम्म्या जगावर राज्य केलं म्हणत्यात, आन् आठ-नऊ कागदांत संपली?”

“आहेत एक-दोन, पण त्यांत जुनाच अर्थ आहे. आता शब्दांनी वजन येणार नाही. आता कलम घालावं लागेल.”

“कलम?”

“नुसतं सुधारलो म्हणायचं नाही. कसं सुधारणार, ते कलम एक, कलम दोन असं लिहायचं. मोठ्या कंपन्यांच्या करारात असतं तसं.”

मानसिंगरावांना हे एकदम पसंत पडलं. गावात अजून कुणी कलमवार सुधारलेलं नव्हतं. “घाल. दोन घाल. चार घातलीस तरी हरकत न्हाय.”

“दोन बास. मराठीत समजावून सांगू का?”

“आगं, पाच कागद झालं. मला काय समजत न्हाय व्हय?”

संध्याकाळी कागद तयार झाल्यावर श्रेयानं पुन्हा विचारलं, “मामा, एकदा अर्थ ऐकून घ्या. सही तुमची आहे.” त्या वेळी ओट्यावर कुंडलिक आबा येऊन बसले होते. त्यांच्यादेखत सुनेकडून अर्थ समजावून घेणं मानसिंगरावांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागद हातात धरला, वरपासून खालपर्यंत डोळे फिरवले, दोनदा मान हलवली आणि म्हणाले, “फसक्लास. माझ्या मनातलंच लिव्हलंस.”

रविवारी ग्रामपंचायतीत सात सभासद जमले. बनाबाई नेहमीप्रमाणे दाराच्या पायरीवर. समितीच्या कामाची पद्धत अशी: सही आधी, वाचन मागून, आणि ग्रुपवर टाकायला फोटो दोन्हींच्या मध्ये. त्याप्रमाणे मानसिंगरावांनी सही केली. खाली साक्षीदार म्हणून सातही जणांनी केली. फोटो झाला. मग श्रेयानं इंग्रजीतून कागद वाचला. सगळ्यांनी देवळात पोथी ऐकावी तशा चेहऱ्यानं ऐकला.

“छान,” कुंडलिक आबा म्हणाले. “लिवा, इंग्रजी हमीपत्र मिळालं.”

“आबा, या वेळी कलमं आहेत. अर्थ इतिवृत्तात घ्यायला पाहिजे,” श्रेया म्हणाली.

“घिऊ की. सांग.”

“कलम एक. मी माझ्या वागणुकीत सुधारणा करीन.”

माना डोलल्या. हे तर नेहमीचंच.

“कलम दोन. माझ्या साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरीच्या पेटीत आजपासून माझ्या नंबराऐवजी श्रीमती बनाबाई यांचा मोबाईल नंबर राहील. मोटर चालू-बंद करण्याचा अधिकार फक्त त्यांना राहील. माझ्या पाळीच्या दिवशी त्या माझी मोटर लावून देतील. हा बदल आजच्या बैठकीतच केला जाईल.”

सातही सभासद आधी एकमेकांकडे आणि मग मानसिंगरावांकडे बघू लागले.

मानसिंगरावांपुढे दोन रस्ते होते. एक, हे मला माहीत नव्हतं म्हणायचं. पण मग सही कशी केली, हा प्रश्न आला असता; मग मागच्या पाच सह्या कशा केल्या, हा आला असता; आणि मग आयुष्याचं पान, दुरुस्त वाटा, शाळेतलं भाषण आणि पतसंस्थेची शाल, हे सगळं एका दमात खाली आलं असतं. दुसरा रस्ता एका शब्दाचा होता. त्यांनी समोरचा तांब्या उचलला, पाणी प्यायले आणि त्या रस्त्यानं गेले.

“व्हय.”

“व्हय काय?” आबांनी विचारलं. “वहिनीचा नंबर? तुझ्या मोटरला?”

“व्हय, आबा.”

“आन् हे तुझ्या डोस्क्यातनं निघालं?”

“मग कुणाच्या? काल तुमच्यासमोरच म्हणलो न्हवं, माझ्या मनातलं लिव्हलंय म्हणून?”

आबांनी चष्मा काढून पुसला. “लई मोठं मन हाय रं तुझं.”

पायरीवरून बनाबाई उठल्या आणि आत आल्या. “मनाचं काय लोणचं घालायचंय? फोन द्या भावजी. नंबर आत्ता बदलायचा. हितंच.”

मानसिंगरावांनी फोन दिला. श्रेयानं त्यावरून पेटीला एक मेसेज पाठवला. सासऱ्यांचा नंबर गेला, मोठ्या सासूबाईंचा आला. खात्री करायला बनाबाईंनी कमरेच्या पिशवीतून बटणांचा साधा फोन काढून लावला. पलीकडून रेकॉर्ड केलेल्या बाईनं कळवलं की मोटर चालू झालेली आहे. बनाबाईंनी पुन्हा फोन लावून ती बंद केली, फोन पिशवीत ठेवला आणि धारेची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. टाळ्या त्यानंतर वाजल्या, आणि त्या मानसिंगरावांसाठी वाजल्या.

दुसऱ्या दिवशी पाळी बनाबाईंची होती. मानसिंगराव सवयीनं काटेवाडीला गेले. आठ वाजून एक मिनिटानं त्यांनी सवयीनं फोन लावला. आपला नंबर नोंदणीकृत नाही, असं त्यांना अदबीनं सांगण्यात आलं. त्यांनी आणखी दोनदा लावला. अदब तेवढीच होती. व्याह्यांनी विचारलं, “काय रेंज न्हाय का?” तर म्हणाले, “रेंज हाय. माझी न्हाय.”

त्यानंतर दर एक दिवसाआड त्यांना भावजयीला फोन करणं भाग झालं.

“वहिनी, आज माझा दिवस हाय.”

“मला मोजता येतंय. आठलाच लावली. रानात जाऊन बघा.”

आणि लावलेली असे. कधी पाच मिनिटं उशीर नाही, कधी पाच मिनिटं लवकर बंद नाही. बनाबाईंच्या पाळीला बनाबाईंचं पाणी, मानसिंगरावांच्या पाळीला मानसिंगरावांचं. त्या आठवड्यात तडकलेल्या दहा झाडांची फळं गेली ती गेली. बाकीची बाग सुधारली. दोन महिन्यांनी व्यापारी आला. त्यानं फळ फिरवून पाहिलं, सालीवर अंगठा फिरवला आणि किरकिर न करता क्रेट उतरवायला सांगितले. बनाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या दिवशी पाळी मानसिंगरावांची होती आणि आठ वाजायला आले होते; त्या फोन हातात घेऊन घड्याळ बघत होत्या.

गाव मानसिंगरावांवर खूश आहे. ते या वेळी खरोखर सुधारले याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. शाळेनं पुन्हा बोलावलं. या खेपेला त्यांनी कृतीचं महत्त्व या विषयावर पाऊण तास भाषण केलं. त्यांना स्वतःला मात्र हल्ली बरं वाटत नाही. पाळीच्या दिवशी ते बांधावर घड्याळ बघत बसतात. कुंडलिक आबांना हे दिसलं, तेव्हा ते जवळ गेले.

“कुणाची वाट बघतुयास?”

“तीन महिनं झालं आबा. बाई एक मिनिट इकडचं तिकडं करंना.”

“मग चांगलं हाय की.”

“चांगलं कसलं? तिनं एकदा तरी चुकावं का न्हाय? आर्धा तास माझं पाणी घ्यावं, मी हसून सोडून द्यावं. आसं शेजारधर्माला धरून काय हाय का न्हाय? घड्याळाच्या शेजारी माणसानं जगायचं कसं?”

“मग नंबर माघारी माग. अर्ज कर.”

मानसिंगराव घरी आले. श्रेयाला म्हणाले, “एक अर्ज लिव्हायचाय. नंबर माघारी पायजे. मराठीतच लिही.”

श्रेयानं कागद पुढे ओढला. प्रति, विषय, महोदय, सगळं लिहून झालं. मग तिनं विचारलं, “कारण काय लिहू, मामा?”

मानसिंगरावांनी अडकित्ता उचलला आणि परत ठेवला. बनाबाई पाणी चोरतात असं लिहिता येत नव्हतं. चोरत नाहीत असंही लिहिता येत नव्हतं.

“लिही,” ते शेवटी म्हणाले, “कारण घरगुती.”

तसा अर्ज गेला. चार दिवसांनी तो परत आला. कुंडलिक आबांनी समासात शेरा मारला होता: घरगुती कारण मान्य; मात्र घरातील थोरल्या व्यक्तीची सही हवी. दोन्ही घरांत थोरल्या आता बनाबाईच. अर्ज अजून मानसिंगरावांच्या खिशात आहे.